डावा पाय, पहिला ठोका

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात परभणीत ऊन पडलं तरी मैदान ओलंच असतं. आमची काळी माती. तिच्यावरून दहा पावलं चाललं की बुटाखाली मातीचा दुसरा बूट चढतो, आणि आपण पाय उचलतोय की जमीन, हे सांगणं अवघड होतं. अशा मैदानावर पंधरा ऑगस्टच्या संचलनाची तालीम ज्यानं केली आहे त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. पाय जड झाले की रांग मागं ओढते, रांगेकडं बघून बँडही नकळत सैल पडतो, आणि मिनिटाला १२० पावलांची धून शंभरावर कधी उतरली ते कुणाला कळत नाही. कळतं ते फक्त मोठा ढोल वाजवणाऱ्याला, कारण सगळ्यांच्या शिव्या शेवटी त्यालाच खायच्या असतात.

मी त्या शिव्या खाल्लेल्या आहेत. शाळेच्या बँडमध्ये आधी साइड ड्रम वाजवायचो. नववीत एकदम उंची वाढली, म्हणून मोठा ढोल माझ्या गळ्यात आला. आमच्याकडं धून थांबवायची खूण म्हणजे मोठ्या ढोलावर दोन जोडठोके. एका पंधरा ऑगस्टला पाहुणे सलामी घेत असताना, मुलींची शेवटची तुकडी व्यासपीठासमोर येण्याआधीच, माझ्या हातून तो जोडठोका पडला. हात घामानं निसटला होता, एवढंच. अर्धा बँड थांबला, अर्धा वाजत राहिला. पुढची मुलगी डावा पाय टाकत होती, मागची उजवा. बारा-पंधरा पावलांत चार रांगांची एक गर्दी झाली. त्या दिवशी क्रीडाशिक्षकांनी मला काय काय म्हटलं ते इथं छापण्यासारखं नाही. पण लष्करी धून म्हणजे काय, हे मला जे त्या बारा-पंधरा पावलांत कळलं, ते पुढं कुठल्याही पुस्तकात वाचून कळलं नाही. ही धून वाजवणारे वाजवतात अर्धी. उरलेली अर्धी पायांनी पुरी करायची असते.

हे पुस्तक त्या अर्ध्या-अर्ध्या व्यवहाराविषयी आहे. संचलनाच्या वेळी बँडवर वाजणाऱ्या धूना, ज्यांना बँडवाले सरळ ‘मार्च’ म्हणतात, त्या आपण वर्षातून तीन-चार वेळा तरी ऐकतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट. मराठवाड्यात १७ सप्टेंबरही. ऐकतो, आणि विसरतो. रागदारीवर, नाट्यसंगीतावर, भावगीतावर मराठीत कपाटं भरतील इतकं लिहिलं गेलं. मार्चवर मात्र फारसं कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही. त्याचं एक कारण मला दिसतं. आपल्याकडं संगीत बसून ऐकायचं असतं. उभ्यानं ऐकायचं ते बँडबाजा, आणि बँडबाजाला संगीत म्हणायला आपली मान जरा आखडते.

तेव्हा आधी या धूनेचं अंग बघू. क्विक मार्चमध्ये मिनिटाला सुमारे १२० पावलं पडतात आणि कवायतीचं पाऊल ३० इंचांचं धरतात. म्हणजे मिनिटाला ३०० फूट, बरोबर शंभर यार्ड. मार्चचा एक भाग बहुतेक १६ मापांचा असतो, प्रत्येक मापात दोन पावलं, म्हणजे ३२ पावलं. हिशेब केला तर १६ सेकंद आणि ८० फूट. जगातला दुसरा कुठला संगीतप्रकार असा टेपनं मोजता येतो? एखादी तुकडी मैदानाच्या कोपऱ्यावरून व्यासपीठापर्यंत यायला कितीदा मुखडा फिरवावा लागेल, हे जाणता बँडमास्तर मैदान नुसतं डोळ्यांनी मोजून सांगतो. मोठ्या ढोलाचा जोरकस ठोका डाव्या पायावर, हे ठरलेलं. बाकी क्लॅरोनेट, कॉर्नेट, ट्रॉम्बोन, युफोनियम यांनी त्या ठोक्याच्या वर काय नक्षी काढायची ती काढावी.

तालाच्या भाषेत सांगायचं तर केहरवा ही मार्चची सख्खी बहीण. आठ मात्रांत चार पावलं सरळ बसतात. दादराही चालतो: सहा मात्रांत दोन पावलं, पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर. इंग्रजी बँडांत अशा झुलत्या मार्चची मोठी परंपरा आहे आणि चालायला ते फार सुखाचे असतात. सात मात्रांच्या रूपकात मात्र एकेका मात्रेवर पाऊल टाकून बघा. एका आवर्तनाची सम डाव्या पायावर येईल, पुढच्याची उजव्यावर. पलटण चार आवर्तनांत वेडी होईल.

रचनेतली एक गंमत आपल्या गवयांना आवडेल अशी आहे. मार्चचे पहिले दोन भाग संपले की तिसरा भाग येतो, त्याला ट्रायो म्हणतात. तिथं आवाज जरा मवाळ होतो, चाल गाण्यासारखी लांब होते, आणि बहुतेक वेळा पहिल्या भागांचा मध्यम हाच ट्रायोचा षड्ज होतो. ठुमरी गाणारा मध्येच मध्यमाला सा मानून वेगळ्या उजेडात जातो ना, तसंच. फरक इतकाच की ठुमरीवाला परत येतो आणि मार्चवाला पुष्कळदा परत येतच नाही, तिथंच शेवट करतो. अमेरिकी बँडमास्तर सूझाच्या १८९६ सालच्या ‘द स्टार्स अँड स्ट्राइप्स फॉरएव्हर’मध्ये लोकांना जी चाल आठवते ती ट्रायोचीच.

बँड हा प्रकार साहेबाचा, असं आपण धरून चालतो. त्यात तथ्य आहे, पण सगळं नाही. युरोपातल्या पलटणींत मोठा ढोल आणि झांजा आल्या त्या तुर्कांच्या लष्करी ताफ्यांकडून, अठराव्या शतकात. म्हणजे ज्या दोन वाद्यांवर पाय पडतो ती पूर्वेकडचीच. आणि मराठी माणसाच्या दारात बँड आला तो मुंबई-पुण्यातच नव्हे, थेट कावेरीकाठीही. तंजावरचे सरफोजीराजे भोसले दुसरे, १८३२ साली वारले, त्यांच्या दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा ताफा होता आणि युरोपीय संगीताच्या स्वरलिप्या त्यांनी जमवल्या होत्या. पुढं गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनी हे काम उचललं. चर्चच्या शाळेत लहानपणीच स्टाफ नोटेशन शिकलेली ही मुलं संस्थानांच्या, पोलिसांच्या, पलटणींच्या बँडांत भरती झाली, आणि उरलेली मुंबईच्या सिनेमात.

आमच्या जिल्ह्याचा लष्करी वाद्यांशी संबंध आला तो हिंगोलीमुळं. १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा जिल्हा झाला. त्याआधी ती परभणीचीच. आज हिंगोली म्हटलं की दसरा आठवतो, पण एकोणिसाव्या शतकात ती छावणी होती. निजामाच्या खर्चानं आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणाऱ्या हैदराबाद कंटिन्जन्टची. छावणी म्हणजे बिगुलावर चालणारं गाव: उठायचं बिगुलावर, जेवायचं बिगुलावर, दिवे मालवायचे बिगुलावर. १९०३ साली कंटिन्जन्ट हिंदुस्थानी फौजेत विलीन झाली आणि हिंगोलीतून लष्कर उठलं. त्या पायदळ पलटणींची पुढं १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ मध्ये तिचं नाव बदलून कुमाऊं रेजिमेंट झालं. आता तिचं केंद्र रानीखेतला आणि तिचा क्विक मार्च ‘बेडू पाको बारो मासा’ हे पहाडी लोकगीत, मोहन उप्रेतींच्या चालीचं. कुठं कयाधूचा काठ आणि कुठं अल्मोड्याची रानअंजिरं! पण पलटणीची वंशावळ काढायची तर तिच्या एका फांदीवर आमची हिंगोली बसलेली आहे.

आता या पुस्तकाच्या गाभ्याकडं येतो. तो गाभा म्हणजे एक गाणं, आणि ते मार्च म्हणून वाजू शकतं की नाही यावर झालेला वाद.

१९३८ साली औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात मुलं प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणू लागली. निजाम सरकारनं बंदी घातली. लोण उस्मानिया विद्यापीठात पोचलं, शेकडो विद्यार्थी काढून टाकले गेले, आणि त्यांतल्या पुष्कळांना नागपूर विद्यापीठानं जवळ केलं. पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच. मराठवाड्यातल्या जुन्या घरांत अजून या चळवळीला ‘वंदेमातरम् चळवळ’ म्हणतात, तारीख न सांगता, जसं आपण ‘दुष्काळ’ म्हणतो आणि साल समोरच्यानं ओळखायचं असतं.

इकडं मुंबईत तेच गाणं दुसऱ्या एका माणसाच्या गळ्यात बसलं होतं. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर. जन्म १८९८, आळंदीचा. भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, गंधर्व नाटक मंडळीतले नट-गायक, पुढं प्रभातच्या ‘माणूस’, ‘शेजारी’सारख्या चित्रपटांचे संगीतकार. ब्रिटिश अमदानीत मुंबई रेडिओवर गात असताना मास्तरांनी ‘वंदे मातरम्’ सुरू केलं आणि प्रक्षेपण तोडलं गेलं. मास्तरांनी रेडिओवर बहिष्कार टाकला तो स्वातंत्र्य मिळेपर्यंत.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न पडला राष्ट्रगीताचा, आणि तो निम्मा बँडचा प्रश्न होता. १९४७ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत भारताच्या प्रतिनिधींकडं राष्ट्रगीताची धून मागितली गेली. हाताशी ‘जन गण मन’ची ध्वनिमुद्रिका होती, तिथल्या वाद्यवृंदानं तिच्यावरून ते बसवलं आणि परदेशी मंडळींना ते आवडलं. २५ ऑगस्ट १९४८ रोजी नेहरूंनी संविधान सभेत हा प्रसंग सांगितला. ‘वंदे मातरम्’च्या इतिहासाचा आदर राखून त्यांचा मुद्दा असा होता, की त्याच्या धूनेत पुरेशी गती नाही आणि परदेशातल्या बँडांना, वाद्यवृंदांना ती वाजवणं अवघड जाईल.

दुसरा एखादा गवई असता तर त्यानं पत्रक काढलं असतं. मास्तर उठले आणि बँडवाल्याकडं गेले. मुंबई पोलीस बँडचे प्रमुख गार्डनर यांना सोबत घेऊन त्यांनी झिंझोटीतल्या आपल्या चालीची बँडसाठी रचना करून घेतली, तिची स्वरलिपी तयार करवली, आणि दिल्लीला जाऊन संविधान सभेच्या सदस्यांपुढं ती ऐकवली. संथ चालीत समूहानं गाण्यासाठी एक रूप, आणि चालत म्हणण्यासाठी दुसरं.

झिंझोटीच का, याचं उत्तर मी माझ्यापुरतं असं काढलंय. हा राग मोठेपणा मिरवत नाही. ठुमरीत, नाटकाच्या पदात, लोकगीताच्या वळणात तो सारखा भेटतो, म्हणून न शिकलेल्या गळ्यालाही त्याची वाट ठाऊक असते. दुसरं म्हणजे त्याचं काम मींडेवाचून फारसं अडत नाही. कॉर्नेटला तीन खटके असतात. सुरावरून सुरावर घसरत जाणं तिला जमत नाही. ती पायरी-पायरीनं चढते. दरबारी कानडा तिच्यावर वाजवायला घेतलात तर गांधाराचं आंदोलन कुठून आणणार? झिंझोटी पायऱ्यांवरूनही झिंझोटीच राहतो. मास्तरांसारख्या माणसाला, ज्यानं आयुष्यभर ऑर्गनच्या पट्ट्यांबरोबर नाट्यपदं गायली, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

निकाल आपल्याला माहीत आहे. २४ जानेवारी १९५० रोजी राजेंद्रप्रसादांनी ‘जन गण मन’ राष्ट्रगीत म्हणून जाहीर केलं आणि ‘वंदे मातरम्’ला त्याच्या बरोबरीचा मान दिला. या निर्णयाची उजळणी करायची माझी इच्छा नाही. पण बँडवाल्याच्या बाजूनं एक शंका मनात येते ती लिहून ठेवतो. राष्ट्रगीत हे चालण्यासाठी नसतंच. ते वाजतं तेव्हा ५२ सेकंद सगळे स्तब्ध उभे असतात. जे उभं राहून ऐकायचं, त्याच्यात गती किती हा प्रश्न आला कुठून? गतीची कसोटी मार्चची, आणि त्या कसोटीला मास्तरांनी मैदानात उतरून उत्तर दिलं. ‘वंदे मातरम्’ संथच असतं अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी ते चालत म्हणून बघावं.

आणि परभणीच्या माणसाला यात आणखी एक धागा दिसतो. नेहरू २५ ऑगस्टला संविधान सभेत बोलत होते त्या दिवशी परभणी भारतात नव्हती. इथं निजामाचे पोलीस होते, रझाकारांच्या कवायती होत्या. बुटांचा एकसाथ आवाज ऐकून त्या वर्षी लोक दारं लावून घेत, असं घरातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकत आम्ही वाढलो. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या, १७ ला निजाम शरण आला. तेच बूट, तोच ताल, फक्त दारं उघडली. दिल्लीत ज्या गाण्याच्या गतीवर खल चालला होता, ते इथं उघडपणे म्हणायला मिळायला तेव्हा अजून तीन आठवडे बाकी होते.

पुढच्या काळातले मराठी धागे थोडक्यात सांगतो, कारण प्रत्येकाला या पुस्तकात वेगळं प्रकरण आहे. १९५० मध्येच पचमढीला लष्कराची संगीत शाळा निघाली आणि परदेशी धूनांची जागा हळूहळू देशी धूना घेऊ लागल्या. ‘कदम कदम बढाये जा’ आझाद हिंद सेनेतून आलं, कॅप्टन रामसिंग ठाकुरींच्या चालीसह; पूर्वी शत्रूचं म्हणून गणलं गेलेलं गाणं स्वतंत्र देशाच्या फौजेचं लाडका क्विक मार्च झालं. बीटिंग रिट्रीटमध्ये वर्षानुवर्षं वाजणारं ‘अबाइड विथ मी’ २०२२ साली वगळलं गेलं आणि त्या वर्षी विजय चौकात ‘ऐ मेरे वतन के लोगों’ वाजलं. त्याचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. ते मार्च नव्हे, शोकगीत आहे, पण पितळी वाद्यांवर शोक फार उंच वाजतो हे त्या संध्याकाळी पुन्हा कळलं. बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आहे. लाइट इन्फन्ट्रीची परंपरागत चाल मिनिटाला १४० पावलांची, म्हणजे बाकीच्यांच्या सहा पावलांत यांची सात. आणि १९ फेब्रुवारी २०२३ पासून ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे राज्यगीत झालं. राजा बढ्यांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल. ठरवून दिलेला काळ १ मिनिट ४१ सेकंद, आणि पोलीस बँडवरही ते वाजतं. खळ्यांसारख्या अवघड वळणांच्या संगीतकारानं, शाहीर साबळ्यांचा गळा समोर ठेवून, सरळ पावलांची अशी चाल बांधावी याचं मला नेहमी कौतुक वाटतं. सावधान उभं राहायचा नियम असूनही ती ऐकताना टाच आपोआप उचलते.

लग्नाच्या बँडाला या पुस्तकात का घेतलं, असा प्रश्न कच्चा खर्डा वाचलेल्या एका मित्रानं केला. त्याला मी म्हटलं, त्या वादकांचे कपडे बघ. खांद्यावर झालर, छातीवर पितळी बटणं, डोक्यावर टोपी. कुठल्या पलटणीचा तो गणवेश कुणाला आठवत नाही, पण आहे तो पलटणीचाच. परभणीत उरुसाच्या संदलमध्ये, गणपतीच्या मिरवणुकीत, वरातीत तीच क्लॅरोनेट आणि तोच ढोल. फक्त तिथं पायांना रांग नसते. त्याच रस्त्यानं आषाढी वारीसाठी शेगावहून गजानन महाराजांची पालखी येते, परभणीवरून गंगाखेडकडं जाते, आणि त्या वारकऱ्यांच्या रांगा इतक्या सरळ असतात की कवायतीच्या मास्तरानं उभं राहून बघावं. तिथं ढोल नाही, टाळ आहेत आणि मृदंग आहे. ‘पाऊल बसणं’ हे सैन्याचंच काम नव्हे, हे दाखवायला मला यापेक्षा जवळचं उदाहरण सापडलं नाही.

वाचकासाठी दोन सूचना. एक, स्वरलिपी वाचता येत नसेल तर ती पानं बिनदिक्कत ओलांडा. प्रत्येक धूनेखाली मी पावलांचा आकडा दिला आहे, तेवढा पुरे. दोन, शक्य असेल तर १ मेचं संचलन जवळून ऐका. उन्हाळ्यात आमच्याकडं पारा ४२ च्या वर जातो. तापलेल्या हवेत पितळी वाद्यांचा सूर चढतो, लाकडी क्लॅरोनेटचा त्या मानानं कमी, आणि सकाळी सातला जुळलेला बँड नऊ वाजता आपापसांत भांडू लागतो. जाणता वादक तेव्हा बोटभर नळी हळूच बाहेर ओढून घेतो. ते बोट बघायला मिळालं तर बघा.

मी मात्र दर वर्षी १७ सप्टेंबरला हुतात्म्यांच्या स्मारकापाशी जाऊन उभा राहतो. तिथं मार्च नसतो. पोलिसांच्या तुकडीच्या हवेत तीन फैरी झडतात, झाडांवरचे पारवे उठतात, आणि पारवे परत बसायच्या आत बिगूल सुरू होतो. बिगुलाला खटके नसतात, छिद्रं नसतात. ओठ आवळून-सैल करून जे चार-पाच सूर निघतील तेवढेच. एका वर्षी वाजवणारा पोरगा विशीतला होता. शेवटचा सूर त्यानं जरा जास्तच लांबवला, साहेबांनी तिरक्या नजरेनं बघितलं तरी सोडला नाही. कार्यक्रम संपल्यावर त्यानं बिगूल उलटा करून नळीत साठलेलं पाणी झटकलं, रुमालानं तोंडपट्टी पुसली आणि घड्याळ बघत मला म्हणाला, “काका, गणपतीचा बंदोबस्त आहे, दहाला पोचायचंय.”